विश्लेषण : एक प्रोग्रामर खरेच दहा जणांचे काम करतो का?

'आमच्या टीममध्ये एक जण आहे, तो एकटा दहा जणांना भारी आहे.' हिंजवडीपासून सिलिकॉन व्हॅलीपर्यंत कोणत्याही आयटी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये हे वाक्य कधी ना कधी ऐकू येते. इंग्रजीत अशा माणसाला 'टेन एक्स प्रोग्रामर' असे नावच पडले आहे. कॅम्पस प्लेसमेंटच्या चाळण्या, अप्रेझलमधील रेटिंग, एकाच बॅचच्या दोघांच्या पगारातील दरी, या सगळ्यामागे कुठे तरी हाच समज असतो : काही जण उपजतच वेगळे असतात आणि त्यांना हेरता येते. पण हा दहापटीचा आकडा आला कुठून? दोन प्रोग्रामरच्या कामात खरोखर किती फरक असतो? आणि तो तासाभराच्या चाचणीत कळतो का? याविषयी जवळपास साठ वर्षे संशोधन सुरू आहे. त्यातून काय हाती लागले, ते पाहू.

दहापटीचा आकडा आला कुठून?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे 'सिस्टीम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन' ही संस्था होती. तिथे हॅरोल्ड सॅकमन, डब्ल्यू. जे. एरिक्सन आणि ई. ई. ग्रँट यांनी केलेल्या प्रयोगाचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा मूळ प्रश्न प्रोग्रामरविषयीचा नव्हताच. त्या काळी प्रोग्राम लिहून यंत्राकडे सोपवायचा आणि निकालाची वाट पाहायची, अशी पद्धत होती. कॉम्प्युटरसमोर बसून थेट काम करण्याची सोय नवीन होती आणि महागही. ती परवडते का, हे त्यांना तपासायचे होते.

त्यासाठी १२ अनुभवी प्रोग्रामरना दोन कामे देण्यात आली. एक बीजगणिताचे, दुसरे चक्रव्यूहातून वाट शोधण्याचे. दोन पद्धतींत फरक दिसला, पण माणसामाणसांतील फरकापुढे तो फिका पडला. बीजगणिताच्या प्रोग्राममधील चुका शोधून दुरुस्त करायला सर्वात वेगवान प्रोग्रामरला ६ तास लागले, तर सर्वात संथ प्रोग्रामरला १७०. म्हणजे २८ पट. चक्रव्यूहाच्या कामातही हीच तफावत २६ पट होती.

हा आकडा पुढे हातोहात पसरला. आयबीएमच्या 'ओएस ३६०' या अवाढव्य प्रकल्पाचे नेतृत्व केलेले फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिले. त्यात या प्रयोगाचा आधार घेऊन उत्तम आणि सुमार प्रोग्रामरमध्ये दहापटीचा फरक असल्याचे त्यांनी नोंदवले. पुस्तक जगभर गाजले आणि त्याबरोबर हा आकडाही रूढ झाला.

मग गडबड कुठे होती?

पहिली गडबड तुलनेत होती. २८ पटीच्या हिशेबात थेट कॉम्प्युटरवर काम करणारे आणि निकालाची वाट पाहणारे, असे दोन्ही गट एकत्र धरले गेले होते. शिवाय सगळे एकाच भाषेत लिहीत नव्हते. बहुतेकांनी वरच्या स्तरावरील सोपी भाषा वापरली, तर काहींनी थेट यंत्राच्या भाषेत प्रोग्राम लिहिला. म्हणजे एक सायकलवर आणि दुसरा पायी, अशी ही शर्यत होती. १९८१ मध्ये ही त्रुटी जाहीरपणे दाखवून देण्यात आली. समान परिस्थितीतील लोकांचीच तुलना केली की आकडा बराच खाली येतो.

दुसरी गडबड मोजण्याच्या पद्धतीत होती. पहिला आणि शेवटचा यांचेच गुणोत्तर काढले की निकाल दोन माणसांवर टांगला जातो. बारा जणांच्या शर्यतीत एकाचा पाय मुरगळला आणि तो लंगडत शेवटी पोहोचला, तर 'पहिला धावपटू वीसपट वेगवान' असा निष्कर्ष निघेल. त्यातून उरलेल्या दहा जणांबद्दल काहीच कळत नाही.

मग खरा फरक किती?

जर्मनीतील कार्ल्सरूह विद्यापीठाचे लुट्झ प्रेशेल्ट यांनी १९९९ मध्ये अनेक प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून हा हिशेब नव्याने मांडला. त्यांनी पहिला आणि शेवटचा यांना बाजूला ठेवून वेगवान पाव गट आणि संथ पाव गट यांची तुलना केली. तेव्हा फरक साधारण दोन ते चारपटीचा निघाला.

हा फरक काही थोडा नव्हे. एकाचे काम सोमवारी संपते आणि दुसऱ्याचे बुधवारी किंवा गुरुवारी, असा त्याचा अर्थ. पण 'एकाला घ्या, नऊ जणांना नारळ द्या' म्हणण्याइतका तो मोठाही नाही.

याच वादात २०१९ मध्ये महत्त्वाची भर पडली. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग इन्स्टिट्यूट'मधील विल्यम निकोल्स यांनी ४९४ विद्यार्थ्यांची नोंद तपासली. या सर्वांनी प्रशिक्षणात तेच दहा प्रोग्राम लिहिले होते. त्यामुळे दोन वेगळ्या माणसांची तुलना तर करता आलीच, पण एकाच माणसाचे दहा वेळचे कामही ताडून पाहता आले. त्यात दिसले की एकूण चढउतारांपैकी जवळपास निम्मा वाटा एकाच व्यक्तीच्या वेगवेगळ्या कामांतील होता. एका प्रोग्राममध्ये पुढे असलेली व्यक्ती पुढच्या प्रोग्राममध्ये मागे पडत होती.

क्रिकेटच्या चाहत्यांना हे वेगळे सांगायला नको. एका डावातील शतकावरून फलंदाजाची सरासरी ठरत नाही. प्रोग्रामरच्या बाबतीत मात्र एका प्रोजेक्टवरून, कधी कधी तर एका बगवरून कायमचा शिक्का बसतो.

बुद्धी, गणित की भाषा?

फरक दोन ते चारपटीचा मानला, तरी तो येतो कुठून, हा प्रश्न उरतोच. नॉर्वेतील संशोधक गुन्नार बर्गर्सन यांनी सहकाऱ्यासह २०११ मध्ये ६५ व्यावसायिक प्रोग्रामरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी तीन गोष्टी मोजल्या : कार्यस्मृती, प्रोग्रामिंगचे ज्ञान आणि प्रत्यक्ष कौशल्य. कार्यस्मृती म्हणजे एकाच वेळी डोक्यात किती गोष्टी धरून त्यांवर काम करता येते, ती क्षमता. या क्षमतेचा कौशल्याशी संबंध दिसला, पण तो प्रामुख्याने ज्ञानाच्या मार्गाने. म्हणजे चांगल्या स्मृतीमुळे शिकणे सोपे जाते आणि जे शिकले जाते, त्याच्या जोरावर काम चांगले होते. नुसती तल्लख बुद्धी आहे पण अभ्यास नाही, तर तिचा फारसा उपयोग होत नाही.

याला जुन्या प्रयोगांचाही आधार आहे. बुद्धिबळातील निष्णात खेळाडूंना पटावरची खरी स्थिती काही सेकंदांत लक्षात राहते, मात्र सोंगट्या वाटेल तशा मांडल्या की त्यांची आघाडी जवळपास संपते. प्रोग्रामरबाबतही १९७० आणि ८० च्या दशकांत असेच दिसले. नीट लिहिलेला प्रोग्राम अनुभवी व्यक्तीच्या चटकन लक्षात राहतो, ओळींची सरमिसळ केली की अनुभवी आणि नवखे जवळपास सारखेच ठरतात. अनुभवी माणसाची ताकद ओळखीचे नमुने पटकन ओळखण्यात असते. ते नमुने सरावातून येतात.

'गणित कच्चे आहे, कोडिंग जमणार नाही' हे वाक्य आपल्याकडे दहावीनंतर हमखास ऐकवले जाते. वॉशिंग्टन विद्यापीठातील शांटेल प्रॅट आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ते तपासून पाहिले. प्रोग्रामिंग न येणाऱ्या ३६ जणांना पायथन शिकवण्यात आले. कोण किती चांगले शिकले यातील फरकाचा सर्वात मोठा भाग, सुमारे ३४ टक्के, तर्कशक्ती आणि कार्यस्मृतीने स्पष्ट झाला. त्याखालोखाल नवी भाषा शिकण्याची हातोटी होती, सुमारे १७ टक्के. गणिती कौशल्याचा वाटा होता अवघा २ टक्के. अभ्यास लहान आहे आणि तो शिकण्याच्या सुरुवातीपुरताच आहे. गणिताची थेट गरज असलेली क्षेत्रे, उदाहरणार्थ मशीन लर्निंग किंवा ग्राफिक्स, यांना तो लागू होत नाही. तरीही गणिताच्या गुणांवरून प्रोग्रामिंगचे दार बंद करण्याला त्यातून आधार मिळत नाही.

प्रोग्रामर जन्मावा लागतो का?

असा दावा एकदा मोठ्या जोरात झाला होता. २००६ मध्ये ब्रिटनमधील सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नाट यांनी एक मसुदा प्रसारित केला. प्रोग्रामिंग शिकण्याआधीच एका छोट्या चाचणीने जमणारे आणि न जमणारे असे दोन गट वेगळे काढता येतात, असे त्यात म्हटले होते. गुणांच्या आलेखाला उंटाच्या पाठीसारखी दोन मदारी दिसतात, ही त्यातील उपमा चांगलीच गाजली. पुढील चाचण्यांत तो दावा टिकला नाही आणि २०१४ मध्ये बोर्नाट यांनी स्वतःच तो जाहीरपणे मागे घेतला.

दोन वर्षांनी एलिझाबेथ पॅटिट्सास आणि सहकाऱ्यांनी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संगणकशास्त्राच्या वर्गांचे ७७८ निकाल तपासले. त्यांपैकी दोन गट पडल्याचे चिन्ह जेमतेम ५.८ टक्के निकालांत आढळले. म्हणजे बहुसंख्य वर्गांत 'येणारे' आणि 'न येणारे' अशी फाळणी नव्हतीच. विद्यार्थी कमी-अधिक प्रमाणात सगळीकडे विखुरलेले होते.

स्वभावाचा संबंध किती?

चष्मा, हेडफोन, कोणाशी फारसे बोलणे नाही. प्रोग्रामरची ही प्रतिमा सिनेमाने रंगवली, पण तिला खतपाणी भरतीच्या चाचण्यांनीही घातले. १९६० च्या दशकात विल्यम कॅनन आणि डॅलिस पेरी या मानसशास्त्रज्ञांनी १,३७८ प्रोग्रामरच्या आवडीनिवडी तपासल्या. त्यांना दोन वैशिष्ट्ये ठळक दिसली. या लोकांना कोडी सोडवायला आवडतात आणि माणसांत फारसा रस नसतो. या निष्कर्षांवर बेतलेल्या मोजपट्ट्या नंतर भरतीत वापरल्या गेल्या. पण पाहणीतील १,१९२ जण पुरुष होते. आधीच भरती झालेल्यांच्या आवडी मोजायच्या आणि तशाच आवडीचे लोक घ्यायचे, हे चक्र त्यातून सुरू झाले. १९४० च्या दशकात 'एनिॲक' या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरचे प्रोग्रामिंग सहा महिलांनी केले होते. पुढे हेच क्षेत्र पुरुषी कसे झाले, याचा शोध घेणारे इतिहासकार नेथन एन्समेंगर यांनी अशा चाचण्यांकडे बोट दाखवले आहे.

स्वभावावरून काम ओळखता येते का? नॉर्वेतील जो हॅने आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तीन देशांतील १९६ व्यावसायिक प्रोग्रामरच्या जोडीने केलेल्या कामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात स्वभावगुणांचा प्रभाव माफकच दिसला. त्यापेक्षा प्रोग्रामरचे कौशल्य आणि कामाची काठिण्यपातळी यांवरून निकालाचा अंदाज अधिक चांगला बांधता येत होता.

फरक माणसात की ऑफिसात?

या विषयातील सर्वात विचार करायला लावणारी आकडेवारी टॉम डीमार्को आणि टिमथी लिस्टर यांची आहे. १९८४ ते १९८६ या काळात त्यांनी 'कोडिंग वॉर गेम्स' नावाच्या स्पर्धा घेतल्या. त्यात ९२ कंपन्यांतील ६०० हून अधिक प्रोग्रामर सहभागी झाले. प्रत्येक कंपनीतून जोडी यायची, पण जोडीतील दोघे एकत्र काम करत नसत. दोघेही आपापल्या टेबलावर, नेहमीच्या वेळेत, नेहमीच्या भाषेत तोच प्रोग्राम लिहीत.

इथेही पहिला आणि शेवटचा यांत सुमारे दहापटीचा फरक निघाला. पण सर्वोत्तम प्रोग्रामर मधल्या प्रोग्रामरपेक्षा साधारण अडीचपटच पुढे होता. अनुभवाची वर्षे आणि पगार यांचा निकालाशी फारसा संबंध नव्हता. एखाद्या भाषेतील अनुभव सहा महिन्यांपेक्षा कमी असेल, तेवढाच तो जाणवत होता.

खरा धक्का पुढे होता. एकाच कंपनीतून आलेल्या दोघांच्या कामगिरीत सरासरी फक्त २१ टक्क्यांचा फरक होता. कंपन्या-कंपन्यांमधील तफावत मात्र अकरापटीची होती. म्हणजे एक जण पुढे असेल, तर त्याच्याच ऑफिसातील दुसराही बहुधा पुढेच असे.

मग त्या ऑफिसांत वेगळे काय होते? पहिल्या पाव गटातील प्रोग्रामरना सरासरी ७८ चौरस फूट जागा होती, तर शेवटच्या पाव गटाला ४६. आपली जागा पुरेशी शांत आहे असे सांगणारे पहिल्या गटात ५७ टक्के होते, तर शेवटच्या गटात २९ टक्के. फोन बंद ठेवण्याची मुभा अनुक्रमे ५२ आणि १० टक्के लोकांना होती. लोक विनाकारण मध्ये येऊन काम थांबवतात, अशी तक्रार पहिल्या गटात ३८ टक्के, तर शेवटच्या गटात ७६ टक्के लोकांची होती.

यावरून शांततेमुळेच काम चांगले झाले, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. चांगले प्रोग्रामर चांगल्या ऑफिसांकडे ओढले जात असतील, हीही शक्यता आहे. पण दोन्हींपैकी काहीही खरे असले, तरी व्यवस्थापनाला हात झटकता येत नाहीत. दर दहा मिनिटांनी चॅटची घंटी वाजणाऱ्या आजच्या ऑफिसांना तर ही आकडेवारी चांगलीच लागू पडावी.

मुलाखतीत नेमके काय मोजले जाते?

बहुतेक कंपन्यांत उमेदवाराला फळ्यावर किंवा स्क्रीन शेअर करून, समोरच्याच्या देखत कोड लिहावा लागतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी २०२० मध्ये ४८ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी परीक्षकासमोर बोलत बोलत प्रश्न सोडवला, काहींनी खोलीत एकट्याने. परीक्षक समोर असताना कामगिरी निम्म्याहून अधिक घसरली. परीक्षकासमोर एकाही विद्यार्थिनीला उत्तर जमले नाही, एकांतात मात्र सर्व विद्यार्थिनींना जमले. सहभागींची संख्या लहान असल्याने यातून सरसकट निष्कर्ष काढू नये. पण अशा मुलाखतीत कौशल्याबरोबर ताण सहन करण्याची तयारीही मोजली जाते, हे त्यातून दिसते.

मग भरती कशी करावी? १९९८ मध्ये फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. हा आढावा सर्वच नोकऱ्यांचा होता. त्यात बुद्धिमत्ता चाचणी आणि प्रत्यक्ष कामगिरी यांचा सहसंबंध ०.५१ धरला होता. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे तंतोतंत संबंध. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी याच आकडेवारीच्या हिशेबातील त्रुटी दुरुस्त केल्या, तेव्हा हा आकडा ०.३१ वर आला. आता पहिल्या क्रमांकावर आली ती 'संरचित मुलाखत', ०.४२ वर. म्हणजे सर्व उमेदवारांना तेच, कामाशी संबंधित प्रश्न विचारायचे आणि उत्तरांना आधी ठरलेल्या निकषांवर गुण द्यायचे. पण सर्वोत्तम पद्धतीचा आकडाही निम्म्यापर्यंत पोहोचत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. निवड झालेला प्रत्येक जण हुशार आणि नाकारलेला प्रत्येक जण कच्चा, असे कोणतीच चाचणी सांगू शकत नाही.

एआयमुळे हा फरक मिटेल का?

एआय साधनांमुळे सगळे प्रोग्रामर एका पातळीवर येतील, असे सध्या बोलले जाते. 'गिटहब कोपायलट'च्या एका प्रयोगात ९५ प्रोग्रामरना जावास्क्रिप्टमध्ये एक छोटा सर्व्हर लिहायला सांगितला होता. एआय वापरणाऱ्यांचे काम ५५.८ टक्के लवकर झाले.

२०२५ मध्ये 'मीटर' या संस्थेने वेगळा प्रयोग केला. १६ अनुभवी ओपन सोर्स प्रोग्रामरना त्यांच्या स्वतःच्या, वर्षानुवर्षे ओळखीच्या प्रकल्पांतील २४६ कामे देण्यात आली. काही कामांत एआय वापरायची परवानगी होती, काहींत नव्हती. एआयची परवानगी असताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. गंमत म्हणजे काम संपल्यावरही, एआयमुळे आपण सुमारे २० टक्के लवकर संपवले, असे त्यांना वाटत होते. ही साधने झपाट्याने बदलत असल्याने आकडे बदलतील. पण मुद्दा उरतो : साधनाचा फायदा काम कोणते आणि त्याची ओळख किती यावर ठरतो. आणि स्वतःच्या वेगाचा अंदाज अनुभवी माणसाचाही चुकतो.

मग याचा अर्थ काय घ्यायचा?

प्रोग्रामरमध्ये फरक असतो, हे खरेच. सगळे सारखे म्हणणे म्हणजे वर्षानुवर्षे मेहनत घेतलेल्यांवर अन्याय आहे. पण या फरकात व्यक्तीची क्षमता, तिने मिळवलेले ज्ञान, त्या दिवशीचे काम आणि आजूबाजूचे ऑफिस असे चार धागे गुंतलेले असतात. अप्रेझलच्या तक्त्यात मात्र चौघांचा हिशेब एकाच नावापुढे लिहिला जातो.

शिवाय कामाचे मोजमापही सोपे नाही. १९८८ मध्ये बिल कर्टिस, हर्ब क्रास्नर आणि नील इस्को यांनी १७ मोठ्या प्रकल्पांची पाहणी प्रसिद्ध केली. त्या प्रकल्पांत खऱ्या अर्थाने उपयोगी ठरलेले लोक ग्राहकाचा व्यवसाय समजून घेणारे आणि तो इतरांना समजावून सांगणारे होते. बँकेच्या प्रोजेक्टमध्ये व्याजाचा नियम नीट समजलेली व्यक्ती एका बैठकीत महिन्याभराचे चुकीचे काम टाळते. तिच्या नावावर त्या दिवशी कोडची एकही ओळ नसते.

कंपन्यांसाठी यातून निघणारा धडा सरळ आहे : मुलाखतीत सर्वांना समान प्रश्न आणि शक्य तिथे प्रत्यक्ष कामाचा नमुना, रेटिंगसाठी एकाऐवजी अनेक कामांची नोंद, आणि 'हा संथ का' असे विचारण्याआधी दिवसात त्याला सलग किती तास शांतपणे मिळाले, याची चौकशी.

आणि प्लेसमेंटच्या रांगेत उभ्या असलेल्यांसाठी? ॲप्टिट्यूडच्या पहिल्या फेरीत बाहेर पडणे म्हणजे एका दिवसाचा, एका चाचणीचा निकाल. तो मनाला लागतो आणि नोकरीची एक संधीही जाते. पण आपल्याला प्रोग्रामिंग जमणार की नाही, हे त्या निकालावरून ठरवू नये. ज्ञानाचा वाटा मोठा आहे आणि तो वाढवता येतो, एवढे तरी साठ वर्षांच्या या आकडेमोडीतून नक्की निघते.